डावं पान माझ्यासाठी

फोन अक्कांच्या यजमानांचा, वसंतरावांचा होता. मी कॉलेजच्या ऑफिसात उभी होते, काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. "मेधा, तुझी अक्का गेली ग पहाटे," ते म्हणाले, "झोपेतच... वही टेबलावर तशीच उघडी आहे." त्याला आता पाच आठवडे झाले. वही मात्र डोक्यातून गेली नाही, कारण त्या वहीत माझं काम राहिलं होतं.

शरयू अक्का आमच्या लॉ कॉलेजात ट्रेडमार्क आणि जाहिरातींचा कायदा शिकवायच्या. त्यांच्या माहेरच्या तीन पिढ्या बंगळुरात गेलेल्या, त्यामुळे मराठी बोलताना मधेच कानडी शब्द यायचे; मी पुण्याहून नवी आलेली, तोंडाची फटकळ. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये मी ठणकावून सांगितलं, की कमावलेलं नाव ही मालमत्ता आहे आणि मालकाला विचारल्याशिवाय कुणी तिला हात लावू नये. अक्कांनी शांतपणे एक लांब वही माझ्यापुढे सरकवली. उजव्या पानावर त्यांचा नवा लेख, डावं पान कोरं. "सरी, बरं, तुझं बरोबर असेल. पण स्वल्प नीट लिहून दे, तोंडी नको." डावं पान न पटणाऱ्याचं, आणि ते भरल्याशिवाय लेख कुठेही पाठवायचा नाही, हा त्यांचा नेम. पुढची सगळी वर्षं ते पान मीच भरत आले. मला त्यांचा रागही यायचा आणि त्यांच्यावाचून करमायचंही नाही.

जाहिरात हीही अभिव्यक्तीच, तिलाही संरक्षण आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं तेव्हा अक्का खूश होत्या. त्यांनी लगेच लेख लिहिला: तुलना खरी असेल, तर जाहिरातीत दुसऱ्याच्या मालाचं नाव, चित्र दाखवायलाही आडकाठी नको. लेख पाठवायचा होता त्याच सुमारास वसंतरावांचं प्रकरण झालं. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी कोरमंगलातल्या घरीच मेतकूट करून विकायला सुरुवात केली होती. पिवळं पाकीट, त्यावर त्यांनी स्वतः काढलेलं पातेल्याचं चित्र. एका मोठ्या दुकानाने पेपरात जाहिरात दिली. त्यात दोन पाकिटं शेजारी शेजारी, एक त्यांचं, एक हे पिवळं, आणि खाली एवढंच, की आमच्या पाकिटावर तारीख असते, यांच्या पाकिटावर शोधून दाखवा.

"मेधा, नोटीस काढ," वसंतराव संतापून म्हणाले. "माझं चित्र, आणि मला न विचारता?" मी तर टपूनच बसले होते. मसुदा घेऊन गेले तेव्हा अक्का चष्मा पुसून जाहिरात पुन्हा वाचत होत्या. "यात खोटं काय आहे तेवढं दाखवा, नोटिशीवर मीच सही करते." खोटं काहीच नव्हतं. कायद्याच्या प्राध्यापिकेच्या घरातल्या पाकिटावर तारीख नाही, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. "म्हणजे तू त्यांच्या बाजूची?" वसंतरावांनी विचारलं. "मी विकत घेणाऱ्याच्या बाजूची. मेतकूट कधीचं आहे ते त्याला कळायला नको?"

वसंतराव अक्कांशी आठ दिवस बोलले नाहीत. एकदा रिक्षातून जाताना अक्का हळूच म्हणाल्या, "मी चुकले का ग? लेख मागे घेऊ का?" स्वतःच्या लेखाबद्दल त्यांना असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या लेखाच्या विरोधात पानभर लिहिलेली मी, पण "नका घेऊ" हे माझ्याच तोंडून गेलं. नवव्या दिवशी वसंतराव बाजारातून तारखेचा रबरी शिक्का घेऊन आले. माझ्या मजकुराखाली डाव्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "पटलेलं नाही. तरी शिक्का आणला." अक्कांनी ती ओळ लेखाच्या तळटीपेत जशीच्या तशी छापून घेतली.

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. वसंतरावांनी वही पुढे ठेवली. शेवटचा लेख उजव्या पानांवर पूर्ण होता. सायकलीच्या कंपनीचं गाजलेलं नाव कुणी उदबत्तीला दिलं आणि त्यात कुणाची फसगत होत नसेल, तर त्याला का अडवावं, असा त्यांचा सवाल. मला वाटतं, असं जागोजागी वापरलं की नावाची ओळख पुसट होते. पण संपादकांना लेख तसाच पाठवावा, असं मी ठरवून आले होते. गेलेल्या माणसाशी कसलं भांडायचं... आणि खरं सांगायचं तर, मी लिहिलं की आमचं भांडण संपणार, याचीच मला भीती वाटत होती.

वसंतराव स्वयंपाकघरात गेले, शिक्का घेऊन आले, त्याची चक्रं फिरवून त्या दिवशीची तारीख लावली आणि माझ्या कोऱ्या पानावर वर उमटवली. "तारीख पडली आहे. आता शिळं होऊ देऊ नकोस."

मी पेन उघडलं. "अक्का, हे मला अजिबात पटलेलं नाही," असं लिहून सुरुवात केली. पान केव्हाच भरलं. मी उलटलं, तर वसंतराव शिक्का हातात घेऊन पुढच्या पानासाठी थांबले होते.