मांडीवरची परखी

लालबर्राहून बालाघाटला जाणाऱ्या बसमध्ये शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. मांडीवर परखी, म्हणजे पोत्यात खुपसून आतल्या तांदळाचा नमुना काढायची लोखंडी नळी. मधूनच खिशातला एखादा दाणा दाताखाली फोडून पाहत.

माझ्या मोबाईलवरच्या व्हिडिओत एक बाई सांगत होती, उदासीच्या गोळ्या आजच फेका. मी त्या घेत होतो, आणि मला पटतही चाललं होतं.

त्यांनी वाकून पाहिलं. "हे बाई तुले वळखते?"

"नाही."

"झोप लागते का, इचारलं तिनं?"

"नाही."

"मी परखी घातल्याबिगर पोत्याचं सांगत नाही. हे तं पोतं न पाहताच सांगून राह्यली."

राइस मिलपाशी ते उतरले. मी गोळ्या चालू ठेवल्या आणि संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "झोप लागते का?"

मला हसू आलं.