शी-मॅडमचं नाक

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मॅडमना लग्नाला बोलवायला लोक घाबरायचे. जेवायला बसलं की त्या आधी पाण्याचा ग्लास नाकाशी न्यायच्या, डोळे मिटून वास घ्यायच्या आणि ग्लास खाली ठेवत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "शी!" मग त्या रांगेतलं कुणीच पाण्याला हात लावायचं नाही आणि यजमानांची बंद बाटल्या आणायला धावपळ सुरू व्हायची. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतल्या मुलांनी त्यांना शी-मॅडम हे नाव कधी ठेवलं ते आठवत नाही. त्यांना ते माहीत होतं. "नाव बरोबर आहे," त्या म्हणायच्या. "दिवसातून इतक्यांदा म्हणावं लागतं, त्याला मी काय करू?"

त्यांनी सगळं आयुष्य शहरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "बघायला आले त्या प्रत्येकाला कसला ना कसला वास येत होता." बालपण खडकीच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. घरी आले की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मुलांना जवळ घ्यायचे नाहीत. मॅडमचं स्वच्छतेचं वेड बहुधा तिथून आलेलं. भाजीवाल्याने कोथिंबिरीवर गटाराकाठच्या बादलीतलं पाणी शिंपडलेलं त्या रस्त्याच्या पलीकडून ओळखायच्या. लिफ्टमधल्या पानाच्या पिचकारीसमोर उभ्या राहून, थुंकणारा तिथेच असल्यासारखं बोलायच्या, "घरी भिंती नाहीत का आपल्याकडे?"

एका वासावर मात्र त्यांचा जीव होता. क्लोरीनचा. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायला लागला की आम्ही सगळे नाकं मुरडायचो. मॅडम स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडून खोल श्वास घ्यायच्या. "आहा! आज कुणीतरी काम केलंय." मी तोंड वाकडं केलं की मला उभ्या-उभ्या शिकवायच्या. "अगं, कशाला नाक मुरडतेस? तू आमटीत मीठ घालतेस त्यात तो आहे. तुझ्या घामात आहे, डोळ्यांतल्या पाण्यात आहे. काल मिसळ हाणलीस ना, ती पोटातल्या ज्या आम्लाने जिरवली त्यातही तोच. हा बेसिनखालचा पाइपसुद्धा त्याच्यावाचून झाला नसता. दुसऱ्याशी जोडलेला असला की इतका गुणी कुणी नाही. एकटा सुटला की मात्र त्याच्या आसपास फिरकायचं नाही."

मे महिन्यात सोसायटीतली मुलं पोहायला जायची आणि आया कौतुकाने सांगायच्या, "तलाव एकदम स्वच्छ हो! नुसता क्लोरीनचा वास येतो. डोळे झोंबतात मुलांचे." मॅडम जिन्यात थांबायच्या. "तो नुसत्या क्लोरीनचा वास नाही. क्लोरीन, घाम आणि आपल्या चिरंजीवांनी पाण्यात केलेली शू, या सगळ्यांचा मिळून आहे. वास जितका उग्र तितकी शू करणारी कार्टी अधिक." त्या वर्षी आमच्या जिन्यातल्या दोन घरांनी पोहणं सोडून कराटे धरलं.

लोक हसायचे, चिडायचे, मागून नक्कल करायचे. पण पाण्याच्या टँकरचा पाइप टाकीत सोडण्याआधी मॅडम काचेची नळी घेऊन खाली यायच्या तेव्हा कुणी आडवं जायचं नाही. नळीत टँकरचं पाणी घ्यायच्या, वर औषधाचे थेंब टाकायच्या. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. एका पावसाळ्यात घरोघरी जुलाब सुरू झाले. टँकरचं पाणी पिवळं होत होतं, आमच्या नळाचं होत नव्हतं. मॅडमनी सोसायटीची टाकी उघडायला लावली. झाकण सरकवलं आणि जो भपका आला तो मी अजून विसरलेले नाही. पाण्यावर तेलकट साय होती, आणि कोपऱ्यात पिसं सुटून फुगलेलं कबुतर. त्या पाण्याने आम्ही दात घासत होतो, तांदूळ धुत होतो, देवाला अंघोळ घालत होतो. माझ्या शेजारचे गृहस्थ तिथेच झाडाच्या आळ्यात ओकले. मॅडम टाकीत डोकावून म्हणाल्या, "वर्षभर मीटिंगा चालल्यात. गेटला रंग कोणता द्यायचा!"

ही टाकी पुढे घासली ती मंगलने. मंगल लोणी काळभोरहून बसने यायची. सोसायटीचे जिने आणि हॉलशेजारचं सामाईक संडास-बाथरूम ती साफ करायची. उंच, काटक बाई. बोलायची कमी. मॅडमशी मात्र तिचं जमायचं, कारण त्या तिला हातमोजे आणून द्यायच्या आणि घातले नाहीत तर ओरडायच्या. "अहो बाई, त्यानं हात चालत न्हाईत नीट," मंगल म्हणायची. "हात उरले तर चालतील ना?" मॅडम म्हणायच्या.

तो रविवार आमच्या स्नेहसंमेलनाचा होता. हॉलमध्ये टेबलं लागली होती, मसालेभात आणि जिलब्या आल्या होत्या. नेमका त्या दिवशी बाथरूमचा पाइप तुंबला आणि वास जेवणाच्या टेबलापर्यंत यायला लागला. आमच्या सेक्रेटरींच्या बायकोने मंगलला बोलावलं. मी पानं मांडत होते, त्यामुळे सगळं माझ्या समोर घडलं. बाईंनी तिच्या हातात ॲसिडची बाटली दिली आणि ब्लीचिंग पावडरचा डबाही. म्हणाल्या, "दोन्ही टाक. एकदाचा निकाल लागू दे." मंगल आत गेली. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून नाकात सुया टोचाव्यात असा दर्प आला. आतून ठसका ऐकू आला आणि मंगलचा आवाज, "वयनी, वास लई उग्र हाय." सेक्रेटरीणबाई नाकाला रुमाल लावून पुढे झाल्या आणि त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं. "वाढायची वेळ झालीये गं. लवकर आटप!"

मॅडम जिना उतरत होत्या. शेवटच्या पायरीवर त्या थबकल्या. मला वाटलं, आता नेहमीचं "शी" येणार. पण त्या ओरडल्या. त्यांना ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "आत कोण आहे? दार उघडा! अगं, क्लोरीन आहे तो!"

त्यांनी टेबलावरचा पाण्याचा जग पदरावर ओतला, तो नाकातोंडाशी धरला आणि दार उघडून आत गेल्या. मी माझी ओढणी भिजवून मागून गेले. आत जमिनीलगत हिरवट पिवळा धूर साचला होता. मंगल उकिडवी बसून फरशी घासत असणार, ती तिथेच कलंडली होती, सगळा वायू तिच्या तोंडापाशी. "खाली वाकून श्वास घेऊ नकोस!" मॅडम मला म्हणाल्या आणि स्वतः वाकल्या, कारण वाकल्याशिवाय तिला उचलता येईना. बोलताना त्यांचा पदर सुटला होता. एका बाजूने त्यांनी आणि दुसऱ्या बाजूने मी धरून तिला पार्किंगमध्ये मोकळ्या हवेत आणलं.

मंगलचे डोळे लालभडक झाले होते, तोंडातून फेस येत होता आणि मग तिला उलटी झाली. आमच्याभोवती अख्खी सोसायटी गोल करून उभी राहिली आणि ती ओकली तसा तो गोल मागे सरकला. मॅडम म्हणाल्या, "पाणी आणा, डोळे धुवायचेत हिचे." हॉलमध्ये स्टीलचे ग्लास रचून ठेवलेले होते. कुणीतरी हळूच म्हणालं, "ते नको, जेवणाचे आहेत. ती संडासातून आलीये." कुणीतरी झाडांना पाणी घालायचा डबा शोधायला गेलं. मॅडमनी मान वर करून आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. ग्लास, गटार, टाकी, कबुतर, इतक्या वर्षांत कशाकडेही त्यांनी तसं पाहिलेलं मला आठवत नाही. "शी," त्या म्हणाल्या. अगदी हळू. मग मंगलचं तोंड त्यांनी स्वतःच्या पदराने पुसलं. चहाच्या कपावर दुसऱ्याचा ओठ लागलेला न चालणारी ही बाई उलटीने भरलेला तो पदर खांद्यावर टाकून तिच्यासोबत रिक्षात बसली.

हॉस्पिटलमध्ये दोघींना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी मी घरी परतले तेव्हा हॉलची झाडलोट चालली होती. जेवणं व्यवस्थित झाली होती. "तुमच्यासाठी जिलब्या ठेवायला हव्या होत्या हो, पण संपल्या," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. मी तोंडावर हात धरून जिना चढले.

पंधरवड्याने कमिटीची सभा झाली. झाल्या प्रकाराबद्दल सेक्रेटरींनी एक परिच्छेद वाचून दाखवला. त्यात 'सफाई कामगाराच्या निष्काळजीपणामुळे' असे शब्द होते. मॅडम नुकत्याच घरी आल्या होत्या, बोलताना धाप लागत होती, तरी खाली आल्या.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरींनी वाचलं.

"ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली की क्लोरीन सुटतो. ती बाटली आणि तो डबा तिला कुणी दिला?"

सेक्रेटरी कागदाची घडी घालायला लागले.

"दार कुणी ओढलं?"

"अहो मॅडम, हॉलमध्ये वास येत होता," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. "जेवायच्या वेळी! म्हणून..."

"तिला आत येत नव्हता?"

शेवटी तो परिच्छेद गाळला. मंगलला मात्र परत घेतलं नाही. 'एजन्सीला काम दिलं की आपल्यावर जबाबदारी येत नाही,' असा मुद्दा निघाला आणि तो सगळ्यांना पटला. मंगलला जिने चढणं आता झेपतही नव्हतं. मॅडमनी तिला स्वतःकडे स्वयंपाकाला ठेवलं.

त्यामागे आणखी एक कारण होतं, ते मला उशिरा कळलं. एका सकाळी, मंगल यायच्या आधी, मॅडमनी मला चहा दिला. दूध नासलेलं होतं, कपात चोथा तरंगत होता आणि आंबट वास येत होता. मी थांबले. मॅडम शांतपणे तोच चहा पीत होत्या. "मॅडम, दूध गेलंय," मी म्हणाले. त्यांनी कपात पाहिलं. "असं का," म्हणाल्या. स्नेहसंमेलनाच्या त्या रविवारपासून त्यांना वास येतच नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, परत येईल किंवा येणार नाही. तो आला नाही.

"लोकांना वाटत असेल, सुटली बाई," त्या म्हणाल्या. "कशाची शिसारी नाही, कटकट नाही. पण अगं, फार वाईट आहे हे. शिसारी येते म्हणून माणूस मागे होतो, झाकण लावतो, हात धुतो. मला आता कुणी गटाराचं पाणी दिलं तरी मी पिईन."

मंगलची छाती कायमची अधू झाली होती, नाक मात्र शाबूत होतं; मग ती त्यांच्यासाठी वास घ्यायची. भाजी, पीठ, दूध, टॉवेल. "बाई, ह्ये उतरलंय," म्हणायची आणि फेकून द्यायची. मॅडम तिला क्लोरीनचं सगळं समजावून सांगायच्या, मला सांगत तसंच, मिठापासून. मंगल पोळ्या लाटता लाटता ऐकायची. एकदा म्हणाली, "येवढा चांगला हाय म्हणता, तर माझ्याशीच का वंगाळ वागला?" मॅडमनी मिठाची बरणी झाकून ठेवली. मग म्हणाल्या, "तो नाही वागला गं. तो काय, बाटलीतून ओतला की ओततील तिथे जातो."

एका संध्याकाळी मंगल घरी गेल्यावर मॅडमच्या स्वयंपाकघरात गॅस चालू राहिला. शेगडी विझलेली, बटण उघडं. मला वास आला म्हणून मी दार ठोठावलं, आणि त्यांनी ते उघडलं तर त्या दिव्याच्या बटणाकडे हात नेत होत्या. मी तो धरला. खडकीहून त्यांचा धाकटा भाऊ आला आणि म्हणाला, ताई, आता एकटीने राहायचं नाही. त्यांनी वाद घातला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सोसायटीने निरोपसमारंभ ठरवला. सेक्रेटरी शाल आणि नारळ घेऊन वर आले. मॅडमनी दारातूनच सांगितलं, "शाल मंगलला द्या. मला उकडतं." शाल मंगलला मिळाली नाही, ती कमिटीच्या कपाटात गेली. सामान बांधायला मंगल लोणीहून आली होती. निघताना मॅडमनी माझ्या गालावर हात ठेवला. त्या कुणाला असं करत नसत. "तू ओढणी भिजवून आत आलीस, ते बरं केलंस," एवढंच म्हणाल्या आणि टेम्पोत मंगलशेजारी जाऊन बसल्या.

पुढे मी त्यांना खडकीला दोनदा भेटले. मंगल त्यांना माझ्याहून अधिक वेळा भेटली असणार, कारण गेल्या पावसाळ्यात मला बातमी कळली ती भावाकडून नाही, तिच्याकडून. दुपारी फोन वाजला. "ताई, बाई गेल्या सकाळी," ती म्हणाली. मग तिला ठसका लागला. तिने फोन ठेवला नाही. पलीकडे ती खोकत होती, थांबायची, श्वास ओढायची आणि परत खोकायची, आणि मी इकडे फोन कानाला धरून तिचं खोकणं संपायची वाट पाहत उभी होते.