गाळलेलं आणि घातलेलं

तेजस्विनीला तोंडाने बोलता यायच्या आधी हातांनी सांगता यायला लागलं. आई जया ऐकू न येणारी, वडीलही तसेच. बिबवेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत आवाजाला ओ देणारी ती एकटीच. सहाव्या वर्षी ती रेशनच्या दुकानात आईचा आवाज झाली. नवव्या वर्षी दवाखान्यात, बाराव्या वर्षी बँकेत. पुढे वडील गेले, तिने सांकेतिक भाषेचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि एकतिसाव्या वर्षी शहरातली चांगली दुभाषी म्हणून लोक तिचं नाव घ्यायला लागले. साक्षीच्या पिंजऱ्याशेजारी ती उभी राहिली होती, बोहल्याशेजारीही. राहिलं होतं ते फक्त राजकारणाचं स्टेज. तेही यंदा महापालिकेच्या निवडणुकीत मिळालं.

काम संतोषने आणलं. संतोष म्हणजे पक्षाचा कार्यकर्ता, दोन फोनवर एकदम बोलणारा. "ताई, आपली सभा सगळ्यांपर्यंत पोचली पाहिजे, भाऊंची इच्छा आहे," तो म्हणाला. भाऊ म्हणजे रंगनाथभाऊ, पक्षाचे शहरातले नेते. बोलायला रोखठोक. त्यांच्या सभेला लोक यायचे ते जाहीरनामा ऐकायला नव्हे, आज कोणाची सालटी निघतात ते बघायला.

स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात तिच्यासाठी वेगळा दिवा लावलेला असे. हात उठून दिसावेत म्हणून ती काळा कुडता घालायची. समोर पहिल्या दोन रांगांत पंचवीसेक ऐकू न येणारी माणसं बसत. त्यांत तिची आई, इस्त्रीची साडी नेसून.

दुसऱ्या सभेत भाऊ सुदर्शनवर घसरले. सुदर्शन हा भागाचा नगरसेवक. पूर्वी भाऊंच्याच हाताखालचा, मग पलीकडच्या पक्षात गेलेला. "वरून हाडूक पडलं की हा शेपूट हलवतो!" भाऊ गरजले. तोंडाने बोलणाऱ्याला कुत्रा म्हणून मोकळं होता येतं. हातांच्या भाषेत चेहराही बोलतो. कुत्रा सांगायचा तर थोडं कुत्रं व्हावं लागतं. तेजस्विनी झाली. तिने मनगटाचं शेपूट हलवलं, जीभ बाहेर काढली, धापा टाकल्या, कुणाच्या तरी अदृश्य पायांचे तळवे चाटले. पहिल्या दोन रांगांत हात वर गेले आणि हवेत थरथरले. ऐकू न येणाऱ्यांच्या टाळ्या अशाच असतात. त्याची चित्रफीत रात्रीत सगळीकडे फिरली. सकाळी समोरच्या मुक्ताईकाकू गॅलरीतून ओरडल्या, "तेजे, भाऊंपेक्षा तूच भारी गं! पुढच्या खेपेला तिकीट तुलाच!" तेजस्विनी लाजली. मग आत जाऊन तिने ती चित्रफीत पुन्हा पाहिली. पुन्हा पुन्हा पाहिली.

तिसरी सभा बिबवेवाडीतच, शाळेच्या मैदानावर होती. भाऊ आधी पाण्यावर बोलले. दोन वर्षं बायका टँकरमागे पळतायत, आठ निवेदनं दिली, एकाचंही उत्तर नाही. हे खरं होतं. तेजस्विनीच्या घरातही पिंपं भरून ठेवावी लागत, त्यामुळे तिचे हात मनापासून चालले होते. मग भाऊ माइकवर ओणवे झाले. त्यांच्या गालात हसू आलं.

"पण सांगणार कुणाला? हा सुदर्शन ठार बहिरा!"

आणि त्यांनी कानामागे पंजा धरला, मान वाकडी केली, तोंड वेडंवाकडं करून नाकातून आवाज काढला, "आँ? आँ आँ?"

स्वयंपाकघरातून हाक मारताना आईचा आवाज असाच निघतो.

मैदान हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. तेजस्विनीचे हात एक पळभर छातीशी थांबले, आणि मग त्यांनी एक धुतलेलं, घडी घातलेलं वाक्य सांगितलं: तो लोकांच्या तक्रारींकडे लक्ष देत नाही.

पहिल्या रांगेला कान नव्हते, डोळे होते. कानामागचा पंजा त्यांनी पाहिला होता, वाकडं तोंडही पाहिलं होतं. छापखान्यातले निवृत्त कंपोझिटर कचरूकाका मागे वळले आणि गदगदणाऱ्या खांद्यांचं ते सगळं मैदान त्यांनी पाहून घेतलं. मग त्यांनी तेजस्विनीच्या हातांकडे पाहिलं, आणि शेवटी स्वतःच्या गुडघ्यांकडे. आई मात्र लेकीकडे बघत राहिली. तिने नजर काढली नाही, हेच तेजस्विनीला सोसेना.

सभा संपल्यावर ती भाऊंना स्टेजमागे गाठायला गेली.

"भाऊ, ते मघाचं... पहिल्या रांगेत बसलेल्यांना..."

"अहो ताई, तुमच्या लोकांना नाही हो म्हणालो मी! त्या सुदर्शनला म्हणालो. तुम्ही नीट सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं," ती म्हणाली.

भाऊ गाडीत बसले. संतोष तिच्याबरोबर गेटपर्यंत आला. "मनाला लावून घेऊ नका ताई. भाऊंचं मन साफ आहे. आता गुळमुळीत बोललं तर येणार कोण? भजनाला काय टेम्पो भरून माणसं येतात होय?"

टेम्पो भरून आलेल्यांसाठी मागच्या सभेत तिनेही काही कमी केलं नव्हतं. पण हा विचार तिने गेटजवळच सोडला आणि घर गाठलं.

आईने चहा ठेवला होता. कप समोर ठेवून ती बसली आणि तिचे हात उठले.

"काय म्हणाला तो?"

"लोकांचं ऐकत नाही, म्हणाला."

"एवढ्यावर माणसं एवढी हसतात? पुण्यात?"

तेजस्विनीने कप हातात घेतला. हात अडकलेले असले की उत्तर द्यावं लागत नाही, ही तिची लहानपणची युक्ती. आईने कप काढून घेतला.

मग तिने सांगितलं. ठार बहिरा, आणि पुढचा आवाज. तो तिने नुसताच "नक्कल केली" असा सांगितला.

"मला बहिरी म्हणणारा तो पहिला नाही," आई म्हणाली. "शाळेच्या रस्त्यावर पोरं दगड मारून म्हणायची. मी मेले नाही. पण सगळं मैदान हसत होतं आणि काय म्हणून हसतंय ते माहीत नसलेले आम्ही तेवढेच होतो. मान खाली घालायची का उठून जायचं, हे आम्हाला ठरवू दिलं नाहीस तू."

"तुम्हाला लागलं असतं."

"मागच्या सभेत त्या माणसाचा कुत्रा केलास, तेव्हा कुणाला लागणार नव्हतं?" आईची बोटं भराभर चालली होती. "पाणी दिलं नाही, उत्तर दिलं नाही, हे तोंडावर सांग की. कडक सांग. त्याला शेपूट कशाला? आणि मी तरी काय, हात वर करून हलवत होते! परवा दळणाच्या दुकानात त्याची बायको दिसली. मी पिशव्यांच्या मागे उभी राहिले."

"मी आता सभेला जातच नाही," तेजस्विनी म्हणाली.

"वा! मग आम्हाला कोण सांगणार? मत आम्हालाही द्यायचंय."

रविवारी शनिवार पेठेतल्या हॉलवर मंडळाची बैठक होती. ऐकू न येणारी माणसं तिथे दर आठवड्याला जमतात. सगळे दिवे लावलेले असतात, खुर्च्या गोल मांडतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. तेजस्विनी मधे उभी राहिली. असं कर, असं आईने सांगितलेलं नव्हतं.

तिने भाऊंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मग कानामागे पंजा धरला, मान वाकडी केली, तोंड वेडंवाकडं केलं. समोर आई बसलेली असताना केलं. "असं म्हणाले ते," ती म्हणाली, "आणि मी ते गाळलं. भाऊंनाही खोटंच सांगितलं."

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. कचरूकाका उठले. आयुष्यभर दुसऱ्याचा मजकूर अक्षर अक्षर जुळवलेला माणूस. त्यांनी हळू, स्वच्छ खुणांनी विचारलं:

"गाळलेलं कळलं. घातलेलं काय होतं?"

तिला आधी कळलंच नाही.

"कुत्र्याच्या वेळी," काका म्हणाले, "भाऊ किती बोलले आणि तू किती?"

हॉलमधले सगळे हात मांडीवर थांबले. तेजस्विनीने आईकडे पाहिलं. आईलाही हे माहीत नव्हतं.

"हाडूक आणि शेपूट भाऊंचं," ती म्हणाली. "जीभ, धापा आणि तळवे चाटणं... माझं."

"म्हणजे आम्ही टाळ्या तुला वाजवल्या."

"हो."

"त्या सुदर्शनची लहान मुलगी आहे," मागून एक बाई म्हणाल्या. "चित्रफीत तिनेही पाहिली असेल." त्या खाली बसल्या.

बराच वेळ खुणा इकडून तिकडे गेल्या. ठरलं असं, की शुक्रवारच्या वारज्याच्या सभेला तेजस्विनीनेच उभं राहायचं, पण पहिल्या रांगेत अक्षताने बसायचं. अक्षता वारज्याची, तिचेही आईवडील ऐकू न येणारे. तिने कानांनी ऐकत राहायचं, आणि भाऊंच्या बोलण्यात आणि तेजस्विनीच्या हातांत फरक पडला की हात वर करायचा.

"ताई, मला कसंतरीच होतंय," अक्षता तिला बाजूला घेऊन म्हणाली. "मला शिकवलं तुम्ही, आणि तुमच्यावरच वॉच?"

"बस तू," तेजस्विनी म्हणाली. "आणि माझ्याकडे बघून हसू नकोस."

शुक्रवारी भाऊ रंगात होते. सुदर्शनला त्यांनी गटारातलं डुक्कर म्हटलं. तेजस्विनीचा चेहरा डुकराचा व्हायला लागला तसा तिने तो आवरला. गटार सांगितलं, डुक्कर सांगितलं, आणि तिथे थांबली. मागे मैदान शिट्ट्या मारत होतं. दिव्याच्या उजेडात तिला पहिली रांग स्वच्छ दिसत होती. कुणाचेही हात वर गेले नाहीत, अक्षताचाही नाही. आई तिच्या हातांकडे बघत होती, परक्या दुभाषीकडे बघावं तशी, एकेक खूण तपासत.