शीलवादक आतोबा

शीळ घालणाऱ्या माणसाला जगात कुणी मान देत नाही, आणि आमच्या आतोबांना जगाकडून तेवढाच एक मान हवा होता. बाकी कशाची त्यांना हाव नव्हती. फोर्टातल्या एका कचेरीत ते कारकून म्हणून लागले आणि कारकूनच राहिले. त्याचं दुःख आत्याने केलं, त्यांनी नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले तेव्हा लालबागला त्यांच्या चाळीत राहायला गेले, आणि पहिल्याच सकाळी शिळेवरच्या भूपाळीने मला जाग आली. मी कौतुकाने म्हटलं, "आतोबा, काय सुरेख शिट्टी मारता हो!" त्यांचा चेहरा उतरला. "शिट्टी मवाली मारतो, पोरी. शीळ वाजवावी लागते." गवई गळा सांभाळतो तसे ते ओठ सांभाळत. चहा कोमट झाल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही, लोणच्याकडे बघायचंसुद्धा नाही, आणि थंडी पडली की ओठांना लोणी. "इथे पोळीला लावायला लोणी नाही आणि यांच्या ओठांना लाड!" असं आत्या चाळीला ऐकू जाईल इतक्या हळू पुटपुटे. तिन्हीसांजेला घरात शीळ घातली की साप येतो, यावर तिची श्रद्धा. आतोबांचं म्हणणं, तीन मजले चढून आला तर तो साप नव्हे, रसिक.

हा रसिक मिळवण्यासाठीच त्यांनी कार्डं छापायची ठरवली. मोठ्या साहेबांची असतात तशी, पण आपल्याला परवडतील अशी. गिरगावातल्या एका बोळातल्या छापखानेवाल्याने लग्नपत्रिकांच्या उरलेल्या पुठ्ठ्यावर अगदी स्वस्तात छापून देतो म्हणून कबूल केलं. कार्डं आली आणि त्यांवर आतोबांच्या नावाखाली ठसठशीत अक्षरांत छापलं होतं : शीलवादक. आतोबा तसेच ट्रामने गिरगावात. मीही सोबत होते. छापखान्यात संयुक्त महाराष्ट्राच्या हस्तपत्रकांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. आतोबांनी कार्ड पुढे केलं, "अहो, ळ कुठाय यातला?"

"ळ?" शाईचे हात पुसत छापखानेवाला म्हणाला, "सगळे ळ चळवळीत गेलेत, साहेब! 'चळवळ' म्हटलं की दोन लागतात, 'मिळालीच पाहिजे'ला एक. तुमच्यासाठी कुठून आणू? मुंबई मिळू द्या, मग देतो."

देशकार्यापुढे आतोबांनी कार्डं तशीच उचलली. शिवाय काही कार्डांच्या मागे जुन्या पत्रिकेचं 'कृपया अहेर आणू नये' तसंच राहिलं होतं, जे कलावंताच्या दृष्टीने घातकच. पण परत येताना ट्रामच्या कंडक्टरला त्यांनी पहिलं कार्ड दिलं, तो वाचून बुचकळ्यात पडला, तेव्हा शील म्हणजे शीळ हे समजावण्यासाठी लालबागपर्यंत वाजवून दाखवावं लागलं, आणि आतोबांना त्या चुकीचं महत्त्व पटलं. मग त्यांनी कुणाला सोडलं नाही. डॉक्टरांना दिलं, केस कापणाऱ्याला दिलं. शेजारच्या चाळीत कुणी वारलं तर समाचाराला गेले आणि निघताना यजमानांच्या हातात कार्ड ठेवून हळूच म्हणाले, "पुढेमागे घरात मंगलकार्य निघालंच, तर." आत्या त्या चाळीवरून कितीतरी दिवस मान खाली घालून जात असे.

बोलावणं मात्र कुठून येईना. आलं ते एकदम सभेचं. परळच्या मैदानात संयुक्त महाराष्ट्राची सभा होती, वक्ते वाटेत अडकले होते आणि शाहिरांचा घसा पार बसला होता. चाळीतल्या कार्यकर्त्यांना आतोबांचं कार्ड आठवलं. आतोबांनी लग्नातला कोट घातला, व्यासपीठाखाली उभ्या असलेल्यांना आधी कार्डं वाटली आणि मग वर चढून, डोळे मिटून, एक नाट्यपद सुरू केलं. पहिल्या दोन ओळी आम्हाला ऐकू आल्या. मग गिरणीतल्या कुणा मोकळ्या मनाच्या माणसाला वाटलं, ही शिट्टी सरकारच्या निषेधाची. त्याने दोन बोटं तोंडात घातली. बघता बघता सगळं मैदान शिट्ट्या मारू लागलं. आतोबांनी पद अर्ध्यावर सोडलं नाही. त्या गदारोळात शेवटपर्यंत ते वाजवत होते, गाल हलताना दिसत होते. खाली आल्यावर एक कार्यकर्ता म्हणाला, "मानलं तुम्हाला, काका! काय पेटवलीत सभा!"

घरी आल्यावर ते कोट घडी घालत आत्याला म्हणाले, "साथ फार मिळाली ग." आत्याने कोट त्यांच्या हातातून घेतला.

त्यांचे पुढचे दात फार दिवसांपासून हलत होते. दादरचे दंतवैद्य काढायला सांगत आणि आतोबा शिळेसाठी टाळत. सभेनंतर ते आपण होऊन गेले. "आता ठेवायचे कुणासाठी?" एवढंच म्हणाले.

दात काढले त्याच आठवड्यात दारात जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ आले. गिरगावात व्हायोलिन शिकवत होते. हातात आतोबांचं कार्ड. "सभेला मी स्टेजच्या खालीच होतो," ते म्हणाले. "लोक ओरडत होते, पण मी सगळं ऐकलं. माझ्या मुलीचं लग्न आहे. माझ्या व्हायोलिनबरोबर ते वाजवतील काय? कुठे आहेत ते?"

आतोबांनी मफलर तोंडावर ओढून घेतला. आत्या बोलायला पुढे झाली. त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग ते म्हणाले, "ते गृहस्थ इथून गेले. कोकणात. कायमचे."

"अरेरे," पाहुणे म्हणाले. "भेटले तर सांगा, फार सुरात होते." आणि कार्ड जपून खिशात ठेवून जिना उतरले.

तोंडावरचा मफलर सोडत आतोबांनी विचारलं, "सगळं ऐकलं असं म्हणाले ना ते?"

"हो," आत्या म्हणाली. "सगळं."

पुढे कवळी आली, पण शीळ आली नाही. प्रयत्न पुष्कळ केला. नुसता वारा निघे. मुंबईसकट महाराष्ट्र झाला तेव्हा सगळं लालबाग रस्त्यावर उतरलं होतं, ताशे घुमत होते, गुलाल आमच्या गॅलरीपर्यंत येत होता. आतोबा कठड्याशी उभे होते. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि काहीतरी वाजवायला घेतलं. मी दोन हातांवर होते, मला काही ऐकू आलं नाही. आत्या पदराला हात पुसत आतून आली, त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, आणि त्यांचं होईपर्यंत कान देऊन ऐकत राहिली.