काकू आणि बावीस नंबरचा गुडघा

काकूंना माणसं नंबरानं कळायची. कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचे कपडे त्या धूत. प्रत्येक खेळाडूचे मोजे-टीशर्ट एका जाळीच्या पिशवीत, पिशवीला नंबर, आणि पिशवीसकटच सगळं मशीनमध्ये. "चौदाला उलट्या होऊन राहिल्या, टीशर्ट बघ त्याचा," अशा बातम्या त्या देत. फुटबॉल म्हणजे तिकडचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. त्यातला एकही नियम काकूंना ठाऊक नव्हता. कोण किती आपटला हे मात्र त्यांना कोचच्या आधी कळे.

मी पुण्याहून मास्टर्स करायला आलेला, आणि तासावारी टॉवेलच्या घड्या घालायला त्यांच्या हाताखाली. माझं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. मी 'पुणेकर'. त्या नागपूरच्या, त्यामुळे त्या हाकेत टोमणा कायमचा मुक्कामाला असे. "ही काय घडी करून राहिला तू, पुणेकर? पोस्टाचं पाकीट आहे का?" असं म्हणत, आणि दुपारी डब्यातली अर्धी भाजी माझ्यापुढे सरकवत.

जर्सी धुण्याआधी त्या ती उलटी करत. एकूण एक जर्सी. "बाहेरून काय, सगळ्याच छान दिसतात. आतून बघावं. पट्टी कुठं चिकटली, रक्त कुठं लागलं."

बावीस नंबर आमचा हीरो होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा लहान गावातून आलेला, पळायला लागला की कुणाच्या हाती न लागणारा. युनिव्हर्सिटीच्या शहरातल्या बसवर त्याचा फोटो होता, कॅम्पसच्या दुकानात त्याच्या नंबरचे शर्ट विकले जात. त्याला मिळायची ती फक्त फीमधली सवलत, तीही एकेका वर्षापुरती. महिनाअखेरीला तो धुलाईखोलीत येऊन बसे. काकू डबा उघडत आणि मला म्हणत, "बसवर एवढा मोठा फोटो, आणि हा माझ्या पोळ्या खाऊन राहिला."

त्या वर्षी सप्टेंबरात काकू ओल्या फरशीवरून घसरल्या आणि मनगट मोडलं. कामावर लागलेल्यांसाठीच्या सरकारी विम्याचा एक फॉर्म भरला, आणि घरबसल्या पगार सुरू झाला. फिजिओथेरपीही फुकट. दर आठवड्याला चौकशीचा फोन. काकू भारावून गेल्या. "बाप्पा! पडले मी, आणि सॉरी ते म्हणून राहिले!"

त्या घरी असतानाच ते घडलं. गुरुवारी बावीस धुलाईखोलीत लंगडत आला. गुडघा एवढा सुजलेला की पँट वर चढेना. मागोमाग धाकटे कोच, म्हणजे मोठ्या कोचचे असिस्टंट. तो म्हणाला, "कोच, आय कान्ट प्लांट ऑन इट." पाय रोवून त्यावर भारच देता येत नव्हता. कोचनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "सॅटरडे इज होमकमिंग, बडी. टेप इट." म्हणजे शनिवारी माजी विद्यार्थी जमतात तो वर्षातला मोठा सामना, तेव्हा पट्टी गुंडाळ आणि खेळ. मी दोन हातांच्या अंतरावर टॉवेलच्या घड्या घालत होतो.

शनिवारी उत्तरार्धात त्याचा गुडघा गेला. स्टँडमध्ये ब्लँकेटं पांघरून, हॉट चॉकलेट पीत बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ऑपरेशन सरकारी खर्चानं झालं. पुढची फिजिओथेरपी त्याची त्यानं बघायची होती. टीमच्या यादीतून नाव गेल्यामुळे पुढच्या वर्षीची सवलतही गेली, आणि त्याचा नंबर नव्या पोराला मिळाला. बसवरचा फोटो मात्र वसंतापर्यंत फिरत होता. फोटोला गुडघा लागत नाही.

काकू परतल्या त्या तोच फॉर्म घेऊन. "काम करताना लागलं की हा भरतात. मी भरला, मला मिळालं."

"काकू, तो स्टुडंट आहे, वर्कर नाही."

"आठवड्यातून नऊ वेळा त्याची पिशवी यायची. नऊ वेळा काय अभ्यासाचा घाम येते का?"

कुबड्या घेऊन आलेल्या बावीसला त्यांनी उलट्या टोपलीवर बसवलं आणि पहिल्यांदाच त्याचं नाव विचारलं. टायलर. मोठ्या अक्षरांत लिहिलं. काम: फुटबॉल. मालक: युनिव्हर्सिटी. मग साक्षीदाराचा रकाना आला आणि पेन माझ्यापुढे.

"गुरुवारी तू होता नं तिथं?"

होतो. शब्द न् शब्द ऐकला होता. पण माझा व्हिसा होता, स्कॉलरशिप होती, कोचबरोबर जेवायला बसणारे माझे प्रोफेसर होते. मला कोणी धमकी दिलेली नव्हती, मी आधीच घाबरून मोकळा झालो होतो. म्हणालो, "काकू, मला नीट ऐकू नाही आलं. ड्रायर चालू होता."

टायलरला मराठी कळत नव्हती, पण त्याला कळलं. काकूंनी पेन उचललं आणि रकाना कोरा ठेवून फॉर्म पाठवला. उत्तर आलं, खेळाडू हा कामगार नाही. माझ्या सहीनं त्यात काही बदललं नसतं, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगतो आहे. ते बहुधा खरंही असेल. लाज त्यानं तसूभरही कमी होत नाही.

टायलर डिग्री न घेता घरी गेला. फॉर्म गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही काकूंच्या डब्यातली अर्धी भाजी माझ्यापुढे आली. मी ती खाल्ली.

दीड वर्षानं काकू रिटायर झाल्या. तिथल्या पद्धतीप्रमाणे केक आणला, त्यांच्या नावाची जर्सी बनवली आणि सगळ्यांनी तिच्यावर मार्करनं सह्या केल्या. नंबर कोणता टाकायचा हे मला विचारलं होतं. मी बावीस सांगितला. प्रायश्चित्त स्वस्तात उरकायची माझी जुनीच खोड.

काकूंनी जर्सी हातात घेतली. सगळ्या सह्या सावकाश वाचल्या. नंबराच्या खाली, कोपऱ्यात, माझी होती. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सही येते की रे तुला, पुणेकर."

मग जर्सी उलटी करून त्यांनी नीट घडी घातली, आणि केक कापायला सुरी मागितली.