जळकोटहून इस्लापूरला दोन देवणी गाई

मामाचा फोन आला. "इस्लापूरला आक्काकडं दोन गाई पोचवायच्यात. येतीस का?" श्रावणातला शनिवार-रविवार मोकळा होता, शिवाय सहस्रकुंडचा धबधबा बघायचा राहिला होता. नांदेडहून कंधारमार्गे जळकोटची एसटी धरली. रस्त्याला खड्डे आहेत, तीन तास धरून चाला.

मामाचं गाव जळकोटपासून आत, माळाच्या पायथ्याशी. संध्याकाळी त्यानं मला गायरान दाखवलं. वर्षानुवर्षांच्या चराईनं गवतापेक्षा मुरूमच जास्त दिसत होता. ग्रामसभेत ठरलं होतं, अर्धा माळ बंद आणि उरलेल्यावर घरटी तीनच जनावरं. ठराव मांडला मामानंच, आणि त्याच्याच दावणीला पाच देवणी.

"तुम्हालाच काय पडलं व्हतं?" भाकरी थापता थापता मामी म्हणाली.

"शेजाऱ्याची गुरं मोजाय समदे तयार व्हते," मामा म्हणाला. "सोताची कुणी मोजंना."

सकाळी शेवंती आणि तिची गाभण लेक चंद्री पिकअपमध्ये चढल्या. मामीनं दोघींना हळदीकुंकू लावलं आणि लगेच घरात गेली. जनावर नेणार असाल तर पशुवैद्यकाचा दाखला आणि ग्रामपंचायतीचं पत्र जवळ ठेवा. भोकरजवळ पोलिसांनी आम्हाला अडवलं, कागद बघून सोडलं. हिमायतनगरला चहा-भजी झाली. पुढं सागाचं जंगल सुरू झालं. मला वाटलं, इथं चाऱ्याला काय तोटा!

इस्लापूरला मावशीनं, म्हणजे मामाच्या आक्कानं, दोन्ही गाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बापू, एकच ठिवते."

"आक्का, फोनवर दोन म्हणालीस की."

"म्हणाले व्हते. पर जंगलात रोपं लावलीत, तिकडली चराई बंद झाली. बांधावरचं गवत एकीलाच पुरंल. दोन ठिवल्या तर दोघी बी उपाशी ऱ्हातील."

मामानं चंद्रीचा कासरा मावशीच्या हातात दिला. "ही तरणी हाय. तुला लई वर्सं दूध दील."

शेवंती परत गाडीत चढेना. चढवली, तर मागं बघून हंबरत राहिली. सहस्रकुंड तिथून जवळच, पाणी भरपूर होतं म्हणे. तुम्ही जरूर जा. आम्ही थांबलो नाही.

"आता चार झाल्या," नांदेडला उतरताना मी म्हणाले.

"माळावर तीनच जातील. शेवंतीला दारात खाऊ घालीन."

"काय घालशील?"

"हिरीजवळच्या तुकड्यातलं सोयाबीन मोडून हत्तीगवत लावतो."

घरखर्च त्याच तुकड्यावर चालायचा. मामी चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

घरी दुधाची पिशवी फोडताना आता मला प्रश्न पडतो, या दुधापायी कुठला माळ उघडा पडला असेल? उत्तर मला ठाऊक नाही. मामाला त्याच्या माळापुरतं सापडलंय, पण ते त्याला सोपं गेलेलं नाही.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. बंद माळावर गवत गुडघ्याला लागलंय, लोक विळ्यानं कापून आणतायत. घरी मात्र दूध घटलंय, विकायला उरत नाही.

"पस्तावलास का?"

"गाय गेली त्याचं वाईट वाटून ऱ्हायलं. ठरावाचं न्हाई." मग तो म्हणाला, "चंद्री व्याली. कालवड झाली. आक्का लई खुशीत हाय. तिला म्हणलं, पेढे वाट, अन् आतापासनं गवत बी मोजाय लाग."