परबवहिनींचे अठरा ब्लाउज

परबवहिनी जिना चढून आमच्या दारात आल्या की आधी दोन्ही हात वर करायच्या, पोलिसाने हटकलेल्या माणसासारखे. चप्पल काढायच्या आधी, दम खायच्याही आधी. मग सगळं दार अडवून, हात तसेच वर ठेवून म्हणायच्या, "घे गो मास्तरणी, मोज. टेप पुरता काय बघ."

टेप पुरायची. पुरायचा नाही तो ब्लाउजपीस. साडीबरोबर आलेल्या कापडात त्यांच्या बाह्या कधीच निघाल्या नाहीत. काखेत जोड द्यावा लागे, आणि तो दिसू नये म्हणून मी जी कसरत करायचे तिचं त्यांना फार कौतुक होतं. "माझा अर्धा आंग तुझ्या जोडावर चलता," म्हणायच्या.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. कांदिवलीला आमची तीन मजली बिल्डिंग होती. दुसऱ्या मजल्यावर मी, पुढच्या खोलीत पायमशीन टाकून शिवणक्लास चालवायचे, म्हणून सगळ्यांची मास्तरीण. तळमजल्यावर परब. परबभाऊ गोदीत नोकरीला, मुलगी वंदना कॉलेजात, आणि वहिनी अंधेरीच्या एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर. मी एकतीस वर्षांची होते, वहिनी चव्वेचाळीसच्या.

त्यांना दोन आवाज होते. एक बोर्डावरचा, स्वच्छ, तासून काढलेला. त्या आवाजाच्या बाईला पाहायला कारखान्यात कोण कोण माणसं निमित्त काढून यायची आणि दारातूनच परत फिरायची, हे वहिनीच हसत सांगायच्या. दुसरा आवाज घरचा, मालवणी, जिन्यातून तीन मजले ऐकू येणारा. माझ्याशी त्या कायम दुसऱ्या आवाजात बोलायच्या. एकदाच तसं झालं नाही. ते पुढे सांगते.

त्या वर्षी गणपतीच्या आधी वहिनी हात वर करून उभ्या राहिल्या आणि मी टेप लावली, तर टेपचं टोक नेहमीच्या आकड्याच्या अलीकडेच येऊन थांबलं. मागच्या वेळी छाती चव्वेचाळीस, आता एकेचाळीस. दंड सोळाचा साडेचौदा. मी वहीत दोनदा पाहिलं.

"काय गो, वही खोटी बोलता?"

"वहिनी, तुम्ही बारीक झालात."

त्या एवढ्या खूश झाल्या की आमच्या कपाटाच्या आरशात पाठमोरं होऊन बघत राहिल्या. लग्नात त्यांच्या सासूने म्हटलं होतं, मुलगी म्हणजे भाताची कणगी आहे. तेव्हापासून चोवीस वर्षं त्या स्वतःवर सगळ्यांच्या आधी हसून घेत होत्या. आता प्रथमच कुणीतरी वेगळं बोलत होतं. जिन्यात बायका विचारायच्या, वहिनी, काय करता हो, आम्हाला पण सांगा. वहिनी म्हणायच्या, "काय नाय गो, भात कमी केलंय." भात त्यांनी कमी केला नव्हता. तो खाववत नव्हता. पण हे मला नंतर कळलं.

प्रश्न आला जुन्या ब्लाउजांचा. एका रविवारी त्यांनी सगळे पलंगावर मांडले आणि मला बोलावून घेतलं. अठरा होते. जांभळा, मोरपिशी, चिंतामणी, आणि वंदनाच्या बारशाच्या वेळचा हिरवागार, काठ लावलेला. सगळे अंगावर ढगळ होत होते. खाली बोहारीण आली होती, तिला हाक मारली. तिने ब्लाउजांना हातसुद्धा लावला नाही.

"साड्या काढा, बाई. ब्लाउज कुणाच्या अंगाला बसणार? आणि हे तर..."

"बोल गो, बोल," वहिनी म्हणाल्या. "हे तर तंबू."

तिसऱ्या मजल्यावरच्या देसाईकाकू म्हणाल्या, पायपुसणी कर, चांगलं सुती कापड आहे. त्यावर वहिनी म्हणाल्या, "माझ्या छातयेर पाय पुसूचे काय?" कुणी म्हणालं, गावी जाऊबाईला पाठवा. "ती आनी तिची म्हस, दोघा मिळान घालतली." त्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो. शेवटी ठरलं की मी सगळे आत घ्यायचे. दोन्ही बाजू उसवायच्या, नवी टीप मारायची.

"पण कापू नको हां," वहिनींनी बजावलं. "आत दाबून ठेव. माझा आंग म्हणजे भरती-ओहोटी. आज गेला, उद्या येतला. मग नवा कापड खंयसून हाडू?"

मी तसंच केलं. प्रत्येक ब्लाउजच्या शिवणीत दोन्हीकडे दीड-दीड बोट कापड दुमडून आत ठेवलं. ब्लाउज आतून जाड झाले, पण अंगावर नीट बसले. वहिनी बिल्डिंगभर दाखवून आल्या.

आता दिवाळीच्या आधीचं सांगायला हवं. इतकी वर्षं ते कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

दिवाळीला आठ-दहा दिवस होते. पलंगावर कापडांचा ढीग, क्लासच्या मुली काजं करत बसलेल्या. वहिनी आल्या, हात वर केले. "परत सैल झालेत," म्हणाल्या. मी टेप लावली. अर्ध्या इंचाचा फरक. म्हटलं, "वहिनी, एवढ्यासाठी कशाला उसवायचं?"

"तू मोज तर खरा. मुंढो मोज."

मी डाव्या मुंढ्याचं माप घेतलं. टेप काखेखालून घेताना तीन बोटं अंगाला टेकतात, त्याशिवाय माप येत नाही. माझ्या बोटांना काहीतरी लागलं. सुपारीएवढं, टणक, जागेवरून न हलणारं. माझा हात थांबला. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण थांबला.

"काय गो?"

"काही नाही," मी म्हणाले. "टेप अडकली."

आणि आकडा लिहून घेतला.

मी का बोलले नाही याची कारणं मी पुष्कळ जमवली आहेत. मुली बसल्या होत्या. मी काही डॉक्टर नव्हते. वहिनी इतक्या आनंदात होत्या. माझ्या माहेरी अंगाविषयी बोलतच नसत. पोटुशी बाईला दिवस गेलेत म्हणत आणि छातीला तर शब्दच नव्हता. बायकांची मापं घेण्यात माझं आयुष्य चाललं होतं, आणि वहीत मी 'छा.' एवढंच लिहायचे. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मी त्यांना बाजूला घेऊन पाच मिनिटं बोलू शकले असते, हेही खरं आहे. दुसऱ्या दिवशीही, त्याच्या पुढच्या दिवशीही. मी कोपऱ्यावर त्यांचा आवाज ऐकला की सावकाश चालायचे, गाठ पडू नये म्हणून.

फेब्रुवारीत परबभाऊ जिन्यात भेटले. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. मोठ्या हॉस्पिटलातून आले होते. त्यांना बोलायला कुणीतरी हवं होतं आणि समोर मी होते.

"डॉक्टर विचारत होते," ते म्हणाले, "एवढं होईपर्यंत घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. काय सांगणार, मास्तरीणबाई? बायको आपल्याला कधी कळली का?"

मी म्हणाले, "चहा टाकू का, भाऊ?"

ऑपरेशन झालं. एप्रिलमध्ये एका दुपारी क्लास सुटल्यावर वहिनी आल्या. दोन मजले चढायला त्यांना बराच वेळ लागला असणार. दारात आल्या, पण हात वर केले नाहीत. डावा हात वर होत नव्हता. वंदनाने मागून मोठी पिशवी आणून ठेवली आणि ती खाली गेली. पिशवीत अठरा ब्लाउज होते.

वहिनी खुर्चीवर बसल्या आणि माझ्याशी बोर्डावरच्या आवाजात बोलल्या. पहिल्यांदाच.

"एक विचारायचं होतं. दिवाळीच्या आधी माप घेताना तुझा हात थांबला होता."

मी पलंगावरची एक चिंधी उचलून तिची घडी घालू लागले.

"हाताला लागलं होतं ना तुझ्या?"

मी मान हलवली.

"मला त्याच्या आधीच लागलं होतं. आंघोळ करताना. घरात कुणाला सांगणार? ह्यांना सांगायची लाज वाटली. म्हटलं, मास्तरीण एवढ्या बायकांची मापं घेते, तिला कळेल. तेव्हा काही सैल झालं नव्हतं गं. तुझा हात लागावा म्हणूनच आले होते मी."

"वहिनी..."

"तू टेप अडकली म्हणालीस. मग मला वाटलं, असेल, बायकांना असतं असं काहीतरी. चार महिने निवांत झोपले."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्यांच्या पायाशी बसले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. त्या चुकीचा नंबर लागल्याचं सांगावं तशा बोलत होत्या. मग पिशवी माझ्याकडे सरकवली.

"हे सगळे वंदनाच्या मापाचे कर. कापड चांगलं आहे, वापरेल ती."

"करते. आत थोडं राहू दे, वहिनी, दाबून ठेवते."

"कशाला?"

मी वरचा ब्लाउज उचलून त्याची शिवण चाचपली.

"कापून टाक," त्या म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी खाली गेल्या. मी त्यांना सोडायला गेले नाही. वरून त्यांचा पांढरा भांग दिसत होता.

मी आठवडाभर बसून अठरा ब्लाउज कापले. उसवल्यावर आतलं दाबून ठेवलेलं कापड बाहेर यायचं. बाहेरचा जांभळा धुऊन धुऊन विटला होता, आतली पट्टी मात्र दुकानातून आणल्यासारखी होती. तसाच चिंतामणी, तसाच मोरपिशी. मी कात्री चालवत गेले. एकदा तरी खाली जाऊन बोलता आलं असतं, वहिनी, चुकलं माझं, एवढं तरी. मी ब्लाउज वंदनाच्या हाती पाठवून दिले.

जुलैत त्यांच्या डाव्या हाताला सूज आली. तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत फुगला, बांगडी कापून काढावी लागली. बाकीचं अंग काठीसारखं आणि तो एक हात पूर्वीच्या परबवहिनींचा. मी त्यांना पाहायला दोनदा गेले, दोन्ही वेळा इतर बायकांबरोबर. दुसऱ्या वेळी त्यांनी घरच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघ गो मास्तरणी, आयली भरती." बायका हसल्या, मग डोळे पुसू लागल्या.

त्या महिन्याच्या शेवटी वहिनी गेल्या. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवी साडी काढली आणि वंदनाने तो हिरवा, काठाचा ब्लाउज आणून दिला. आंघोळ घातल्यावर देसाईकाकू आणि मी ब्लाउज घालायला बसलो. उजवा हात गेला. डावा जाईना. बाही दंडाच्या अर्ध्यावर येऊन अडली. काकूंनी दोनदा ओढून पाहिली, मग ब्लाउज काढून माझ्याकडे सरकवला.

"मास्तरीण, जरा उसवून दे पटकन. आत कापड असेलच की. ती नेहमी ठेवायला लावायची ना."

मी ब्लाउज उलटा केला. सगळ्यांना दिसावं म्हणून नाही, माझं मलाच काय करावं कळेना म्हणून. आत टीप होती आणि टिपेला लागून कातरलेली कड. एक बोटसुद्धा नव्हतं.

"अगं, कापलंस का?" काकू म्हणाल्या. "जिवंतपणी कापलंस?"

वंदना दारात उभी होती. कापायला तिच्या आईने सांगितलं होतं, हे मी सांगू शकले असते. पण ते सांगितलं की मागचं सगळं सांगावं लागलं असतं. मी घरून कात्री आणली. डाव्या बाहीला खालच्या काठापासून गळ्यापर्यंत चीर दिली, कापड त्या हातावर नुसतं पसरलं आणि वरून पदर घेतला. शिवणकामाच्या इतक्या वर्षांत असं काम मी केलं नाही. चांगलं दिसत होतं. कुणाला कळलं नसतं.

तेव्हापासून मी अंगावर माप घेत नाही. मापाचा ब्लाउज आणा, त्यावरून शिवते, असं सांगते. बायकांना वाटतं, हाताला सवय झालीय, मास्तरीणबाईंना टेप लागत नाही. टेप मी शिलाईच्या डब्यात तळाला ठेवली आहे.

गेल्या महिन्यात वंदना आली होती. आता ती आईच्या त्या वेळच्या वयाची आहे आणि अंगानेही आईसारखीच. मुलीच्या साखरपुड्याला ब्लाउज शिवायचा होता. दारात आली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. तिला ते आठवत असेल की अंगातच असेल, कोण जाणे.

"मापाचा ब्लाउज आणलास?" मी विचारलं.

"तो कशाला? तुम्ही घ्या ना, मावशी. आई म्हणायची, मास्तरणीच्या हाताला सगळं कळतं."

मी तिला बस म्हटलं नाही. ती तशीच हात वर करून उभी होती आणि मी सांगायला सुरुवात केली. सुपारीएवढ्या गाठीचं सांगितलं, टेप अडकल्याचं, आईने चार महिने निवांत काढल्याचं, हिरव्या ब्लाउजच्या कातरलेल्या कडेचं. काही वगळलं नाही. सांगून झाल्यावर म्हटलं, "तू डॉक्टरकडे जाऊन तपासून घे, वंदना. माझ्या हातावर विसंबून राहू नकोस."

मी वाट पाहिली. तिचे हात हळूहळू खाली आले, तिने कापडाची पिशवी उचलली आणि कठडा धरून ती खाली गेली.